छपरावरची पिवळी पावलं

तीर्थरूप ताई,

तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून (डावा गुडघा दुखतो असं लिहिलं होतंस, म्हणून त्या बाजूला जरा हलकेच) साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही दोघंही सुखरूप आहोत. 'सुखरूप' हा शब्द मी पूर्ण विचार करून लिहिला आहे, कारण पुढची हकिगत वाचताना तुला मध्येच शंका येईल. तेव्हा परत या ओळीवर येऊन खात्री करून घे. हात, पाय, मान, सगळं जागच्या जागी आहे. कोपर थोडं खरचटलं होतं, त्यावर खपलीही धरली. नव्या घरात तुझं मन रमलं का? लिफ्टची अजून भीती वाटते का? भाचीला म्हणावं, आईला रोज सकाळी खाली फिरायला ने, आणि लिफ्टने नाही, जिन्याने ने. (गुडघा बरा झाल्यावर.)

तुझं पत्र पोचलं. आमच्या परसात ठेवलेल्या तुमच्या त्या चाकांवरच्या घराला, ट्रेलरला, गिऱ्हाईक आलंय, ते रविवारी बघायला येणार, त्याआधी छप्पर धुऊन घे, झरोक्यांच्या कडेला फटींत भरलेली लांबी तपास, कुठे गळत नाही ना ते बघ, असं सगळं तू लिहिलंस आणि शेवटी 'माणूस लावून करून घे, तू चढू नकोस' असं लिहून 'तू'खाली दोन रेघा ओढल्यास. ताई, मी नकाशांच्या कचेरीत चौतीस वर्षं नद्यांना निळा रंग देत होतो. शेजारीशेजारी दोन रेघा दिसल्या की मला तो रस्ता वाटतो. तरीही मी माणूस शोधला, खोटं बोलत नाही. छपरं धुणारा एक जण मिळाला, पण तो म्हणाला, महिन्याभराने येतो. रविवार तर पाच दिवसांवर. मग मी स्वतःशीच म्हटलं, दहा फूट म्हणजे काही डोंगर नाही. नकाशात दहा फूट उंची आम्ही दाखवतसुद्धा नाही.

आता तुला आठवत असेल ते मलाही आठवतंय. मी सात वर्षांचा असताना मागच्या भिंतीवरून चालता चालता ढग बघत राहिलो आणि भिंत संपली तरी चालतच राहिलो. तू कान धरून मला उठवलंस (कान धरायची गरज नव्हती, मी पडलेलोच होतो), आणि त्या दिवसापासून उंचीला बंदी घातलीस. 'तू चालता चालता स्वप्नात जातोस, तुझे पाय जमिनीलाच बरे' हे तुझं वाक्य मी लग्नातसुद्धा ऐकलं, दोन पायऱ्यांच्या व्यासपीठावर चढताना. तुझ्या धाकाने मी आयुष्यभर स्टुलापलीकडे गेलो नाही. घरातले बल्ब तुझी भावजयच बदलते. त्यामुळे मंगळवारी सकाळी मी ट्रेलरच्या मागच्या शिडीवर पाय ठेवला तो कुणालाही न सांगता ठेवला. चूक होती. पण चुकीचा खरा आकार ती करून झाल्यावर कळतो.

झालं असं. ट्रेलरला चाकं दोनच, आणि तीही मध्यभागी, हे मी भाऊजी गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघतोय. पण बघणं वेगळं आणि चौऱ्याऐंशी किलो घेऊन त्याच्या शेपटीवर चढणं वेगळं. मी तिसऱ्या पायरीवर गेलो आणि मला फार छान वाटलं. वाटलं, आपण अलगद खाली चाललोय, पिसासारखे. आणि खरोखरच मी खाली चाललो होतो. माझ्या वजनाने ट्रेलर मागे बसला, आणि पुढचं तोंड वर उचलून आकाशाकडे बघायला लागला, ओझं नको म्हणणाऱ्या घोड्यासारखा. माझी पाठ गवताला टेकली तेव्हा आतून भांडी घरंगळल्याचा आवाज आला, आणि त्यांच्यामागोमाग तुझ्या भावजयीचा. (ती आत फडताळं पुसत होती, हे मला माहीत नव्हतं. मी वर चढतोय, हे तिला माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात एवढी समसमान चूक प्रथमच.) ती ओट्याकडून पलंगापर्यंत बसल्या बसल्या घसरत आली, मागच्या खिडकीतून तिने मला गवतात पाहिलं आणि माझ्या छातीकडे टक लावून बघितलं. ती नर्स होती, तुला माहीतच आहे. आधी माणूस श्वास घेतोय का ते बघते, राग नंतर काढते.

मी शिडी सोडून गवतात लोळण घेतली, तसा ट्रेलर धप्पकन पुढे बसला आणि ती ओट्याकडे परत गेली. आणि तिथे आडवा पडलेला असतानाच मला शिडीच्या आतल्या अंगाला चिकटवलेली भाऊजींची चिठ्ठी दिसली. भाऊजींच्या चिठ्ठ्या मी तुला काय सांगणार! वजनमापं तपासत गावोगाव फिरताना अकरा वर्षं त्यांनी याच ट्रेलरात संसार मांडला, आणि दिसेल तिथे कागद चिकटवला. नळावर 'अर्धाच वळसा पुरे.' दारावर 'उंच पाहुण्यांनी येथे नमावे.' ही शिडीवरची मात्र पडलेल्या माणसालाच वाचता येईल अशा जागी होती: 'आधी चारही कोपऱ्यांचे पाय खाली सोडावे. चाकांना ठोकळे लावावे. या शिडीला वजन सत्तर किलोपर्यंत. माझे अडुसष्ट. हिचे विचारलेले नाही.'

तुझ्या भावजयीने कोपराला औषध लावलं आणि दोन घरं पलीकडच्या कप्तानांना बोलावून आणलं. हे गृहस्थ अग्निशमन दलातून निवृत्त झालेत. कप्तान हे त्यांना गल्लीने दिलेलं नाव. माणूस मोजकंच बोलतो, आणि जे बोलतो ते शिडीबद्दल. त्यांनी ट्रेलरभोवती दोनदा चक्कर मारली, कोपऱ्यांचे पाय खाली सोडले, चाकांना ठोकळे लावले, एकदा माझ्याकडे आणि एकदा मागच्या शिडीकडे पाहिलं आणि घरी जाऊन आपली ॲल्युमिनियमची शिडी घेऊन आले. मग दोन दिवस माझी शाळा भरली. शिडी किती तिरकी लावायची? चार फूट उंचीला पायथा एक फूट लांब. शिडीचं टोक छपराच्या वर तीन पायऱ्या उरलं पाहिजे, म्हणजे चढता-उतरताना धरायला काही असतं. पायथ्याखाली रबराची चटई, वरचं टोक दोरीने छपराच्या कठड्याच्या दांडीला बांधलेलं. दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, तिन्ही सतत टेकलेले. हातात काही न्यायचं नाही, सामान मागाहून दोरीने वर ओढायचं. वारा असला तर चढायचं नाही. छपरावर उभं राहायचं नाही, गुडघ्यांवर चालायचं, आणि तेही जिथे खाली आडव्या पट्ट्या आहेत तिथेच, कारण मधलं छप्पर पातळ. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, आकृतीसह. पायथ्याशी गवताला हिरवा रंगही दिला. कप्तानांनी वही बघितली, मिटली आणि म्हणाले की परीक्षा वहीची नाही, पायांची आहे.

गुरुवारी वारा पडला. कप्तानांना त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. ते शिडी बांधून, ओढून बघून, तुझ्या भावजयीला पायथ्याशी उभी करून गेले. तिने दोन्ही हातांनी शिडी धरायची आणि मी खाली येईपर्यंत सोडायची नाही, मग टेलिफोन वाजो, दूध उतू जावो. ताई, पहिल्या सहा पायऱ्या मी हिमतीने चढलो. सातवीला पाचावर धारण बसली. पुढे शिडी दिसत होती, पण पाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे झाले. मी तिथे किती वेळ होतो ते मला माहीत नाही. खालून ती सावकाश सांगत राहिली, आता डावा हात, आता उजवा पाय, जशी पेशंटला पहिल्यांदा पलंगावरून उठवताना सांगायची. आणि तिच्या त्या सुरात माझी भीती कुठे विरघळली कळलं नाही. मी वर पोचलो तेव्हा वाटलं, कुणी तरी मला झोपेतच इथे आणून ठेवलंय.

काय सांगू तुला, वरून गल्ली निराळीच दिसते. रोजच्याच घरांची छपरं मी प्रथमच पाहिली. कुणाच्या छपरावर एकच चप्पल, कुणाच्या टाकीवर झोपलेलं मांजर, वाळत घातलेल्या चादरी दूरवर सावकाश फुगताहेत आणि बसताहेत, जणू सगळी वस्ती एकाच लयीत श्वास घेतेय. आवाज खालीच राहतात. वर फक्त त्यांची साय येते. आणि माझ्या गुडघ्यांखाली, ताई, नकाशा होता. दोन वर्षांच्या पानांचा, धुळीचा, शेवाळाचा नकाशा! झरोक्याभोवती हिरवी अरण्यं, पाणी साचून वाळलेल्या जागी फिक्या कडांचे तलाव, मधूनच गंजाचं एखादं तांबूस बेट. असा देश मी रंगवला नव्हता कधी. तो धुऊन टाकायचा, याचं मला फार वाईट वाटलं. अर्धा तास मी त्याची नुसती टेहळणी केली. मग खालून विचारणा झाली की जिवंत आहात का, तेव्हा मी बादली आणि ब्रश ओढून घेतला.

इथे माझ्या हातून जी चूक झाली ती कप्तानांच्या शिकवणीत नव्हती, कारण अशी चूक कुणी करील असं त्या भल्या माणसाला वाटलंच नसेल. धुवायला सुरुवात करायची ती शिडीपासून सगळ्यांत लांबच्या टोकाकडून, आणि धूत धूत शिडीकडे यायचं. मी सुरुवात शिडीजवळून केली. हाताला ब्रशची लय लागली होती, फेस पांढरा शुभ्र वर येत होता, नकाशातल्या एकेका देशावर बर्फ पडत होतं, आणि मी मागे मागे सरकत पुढच्या टोकाला पोचलो. वळून बघतो तो मी आणि शिडी यांच्यामध्ये पंधरा फूट साबण. पाण्याची नळी शिडीच्या टोकाला बांधलेली, म्हणजे पलीकडच्या किनाऱ्यावर. बादलीत पाणी नाही. गुडघा टाकला की सर्रकन सरकतो. कप्तान तोंड उघडून दंतवैद्याच्या खुर्चीत. तुझी भावजय शिडी धरून उभी, सोडायची नाही अशी सक्त ताकीद. मी परिस्थिती वरून सांगितली. ती म्हणाली की साबण वाळेपर्यंत पडून राहा, आणि कृपा करून झोपू नका.

मी झोपलो. (कृपा करून रागावू नकोस. मी मध्यभागी, पट्टीवर, हातपाय पसरून, कड दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट लांब आहे हे मोजून झोपलो.) मुद्दाम नाही, ताई. उताणा पडून ढग बघत होतो. भिंतीवरून पडलो त्या दिवशी अर्धाच राहिलेला कार्यक्रम पुरा करावा, असं काहीसं मनात होतं. ढग हळूहळू सरकत होते, आणि थोड्या वेळाने ढग थांबले व ट्रेलर सरकायला लागला. मला वाटलं, भाऊजी पुढे गाडी चालवताहेत, तू शेजारी बसून रस्ता सांगते आहेस, आणि मी वर आडवा पडून कुठलंसं गाव मागे पडताना बघतोय. आणि कुणीच मला खाली उतर म्हणत नाहीये. इतकं निवांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जाग आली ती पाण्याने. तुझ्या भावजयीने शेजारणीला बोलावून शिडीशी उभी केली होती, आणि स्वतः नळी खाली ओढून घेऊन तिथूनच आकाशात पाणी उडवत होती. ते बारीक होऊन छपरावर उतरत होतं, उन्हात त्यात रंग दिसत होते, आणि फेस ओघळून दोन्ही कडांनी शांतपणे निघून चालला होता. मी उठून बसलो. आणि फेसाखालून छपरावर एक पिवळं पाऊल वर आलं. मग दुसरं. मग तिसरं.

रंगाने काढलेली पावलं होती ती, ताई. पुरुषाच्या बुटाची, मापून काढल्यासारखी, बरोब्बर त्या आडव्या पट्ट्यांवर. शिडीपासून निघून एकामागून एक झरोक्याला वळसा घालून माझ्यापर्यंत आलेली. पाय कुठे ठेवला तर छप्पर दबणार नाही, हे त्या माणसाने स्वतःच्या पावलांनी लिहून ठेवलं होतं. मी जिथे बसलो होतो तिथून बाजूला झालो, तर तिथे पावलांच्या दोन जोड्या होत्या, शेजारीशेजारी, बोटं मावळतीकडे. एक जोडी मोठी. दुसरी लहान, बायकी चपलेची. खाली त्यांच्या त्या बारीक अक्षरात, पिवळ्या रंगाने: 'उजवीकडे मी. डावीकडे ही.'

माझी ताई, जी मला व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढू देत नव्हती, ती अकरा वर्षं संध्याकाळी छपरावर जाऊन बसत होती! मी काठापर्यंत रांगत जाऊन खाली तुझ्या भावजयीला विचारलं, तुला हे माहीत होतं का. तिने नळी बंद केली.

"माहीत होतं," ती म्हणाली. "ताई म्हणाल्या होत्या, त्याला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो पण चढेल, आणि त्याला धरायला मी तिथे नसेन."

मी पावलांवर गुडघे ठेवत ठेवत शिडीपर्यंत आलो, आणि शिडीकडे तोंड करून, तीन ठिकाणी टेकून, अगदी वहीप्रमाणे खाली उतरलो. एकदाही घसरलो नाही.

शुक्रवारी पुन्हा चढलो (पावलं असल्यावर भीती कसली?), आणि झरोक्यांच्या कडेची जुनी लांबी खरवडून नवी भरली, दोन ठिकाणी तिला भेगा गेल्या होत्या. तळव्याने सगळं छप्पर दाबून पाहिलं, पोचट जागा एकही नाही. मग कप्तानांनी वर तासभर पाणी सोडलं आणि मी आत पलंगावर, ओट्यावर, जमिनीवर कोरे कागद पसरून बसलो. सगळे कागद कोरेच राहिले. तुझं काम चोख झालं आहे. बाकी सर्व क्षेम. भाचीला आशीर्वाद. गुडघ्याला शेक घेत जा, आणि माझ्याबद्दल मुळीच काळजी करू नकोस. मी आता अगदी जमिनीवर आहे.

तुझा धाकटा आणि (निदान पत्र लिहीपर्यंत) अखंड भाऊ

ता. क. गिऱ्हाईक रविवारी येऊन गेलं. नवराबायको होती, तरुण, चांगली वाटली. छप्पर गळतं का, असं त्यांनी विचारलं. गळतं, असं सांगितलं. ती निघून गेली. हे बरोबर झालं नाही, हे मला कळतं.

आणखी ता. क. तेव्हा मूळ विनंती अशी, जिच्यासाठी वरचं सगळं लिहिलं: ट्रेलर विकू नकोस. 'आता तो कुणाला हवाय' असं तू लिहिलं होतंस. मला हवाय. पण डावीकडची जागा माझी नाही, आणि उजवीकडची तर नाहीच नाही. तू ये. गुडघा बरा झाला की ये, नाही झाला तरी ये. मी मागच्या बाजूला बसेन, बोलणार नाही, ढग बघेन.

ता. क. (हस्ताक्षर वेगळं आहे म्हणून सांगते, ही मी, भावजय.) ताई, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. छप्पर गळतं असं त्या मंडळींना मी सांगितलं. हे त्या वेळी छपरावर होते आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत खाली येणार नाही म्हणून बसले होते. गुरुवारी वर झोपले होते असं लिहितात, तेही तितकंसं खरं नाही. मी पाणी उडवलं ते फेसासाठी नव्हतं. वरून रडण्याचा आवाज येत होता, आणि शेजारीण शेजारीच उभी होती. दोन वर्षांत भाऊजींसाठी ते रडलेले मी पाहिले नव्हते. तुम्ही तरी कुठे रडलात? शनिवारची गाडी पकडा. भाचीशी मी बोलले आहे, ती तुम्हाला बसवून देईल. घट्ट तळाचे बूट घाला. शिडी मी धरते.